इंग्रजी ग्रामरचा नियम खरा की कुणीतरी बसवलेला, हे घरबसल्या कसं तपासायचं

वाक्याच्या शेवटी प्रेपोझिशन ठेवू नये. 'टू' आणि क्रियापद यांच्या मधे काही घुसवू नये. वाक्य 'अँड'ने सुरू करू नये. मोजता येणाऱ्या गोष्टींना 'लेस' नाही, 'फ्यूअर'च. हे सगळं आपण शाळेत 'ही'च्या पुढे 'गोज' येतं त्याच्या बरोबरीनेच शिकलो, सगळे नियम सारख्याच वजनाचे आणि सगळ्यांना सारखाच लाल पेन. मग मोठेपणी इंग्रजी पेपर वाचायला लागलो, सिरीज बघायला लागलो की दिसतं, यातले बरेचसे नियम चांगले चांगले लेखकही पाळत नाहीयेत, पण 'ही गो टू ऑफिस' असं मात्र कुठल्याच पेपरात छापून येत नाही. हा फरक का आहे हे आपल्याला कुणी सांगितलेलंच नसतं आणि मग मुलं आयुष्यभर चुकीच्या नियमांसाठी घाबरत राहतात आणि जिथे खरंच लक्ष द्यायला हवं तिथे देत नाहीत. मला याचं फार वाईट वाटतं म्हणून हे लिहितेय.

माझं म्हणणं एवढंच आहे की ग्रामरच्या बऱ्याच नियमांना जन्मतारीख असते, ती काढता येते, बहुतेक वेळा फुकट, आणि ती काढल्याशिवाय कुठल्याही नियमासाठी रात्र जागवू नये. स्पर्धा परीक्षा देणारे, इंग्रजी शिकवणारे, भाषांतराचं काम करणारे, सगळ्यांना हे जमेल.

आधी एक वही घ्या किंवा गुगल शीट उघडा. पाच रकाने करा: नियम काय, पहिल्यांदा कुणी आणि कधी सांगितला, त्याआधी लोक काय लिहायचे, आज लोक काय लिहितात, आणि शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा, मी कुठे काय वापरणार. पाचवा रकाना रिकामा राहिला तर बाकीच्या चारांचा उपयोग नाही, नुसती माहिती जमा होईल.

पायरी १: नियमांचे तीन ढीग करा

पहिला ढीग म्हणजे भाषेची हाडं. हे नियम ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांना कुणी शिकवत नाही तरी ते सहसा मोडत नाहीत. 'अ बिग रेड बॅग' म्हणतात, 'अ रेड बिग बॅग' सहसा म्हणत नाहीत. 'आय सॉ हिम यस्टरडे' म्हणतात, 'आय हॅव सीन हिम यस्टरडे' म्हणत नाहीत. 'टेल मी व्हेअर द स्टेशन इज' म्हणतात, 'टेल मी व्हेअर इज द स्टेशन' हे आपल्याकडचं.

दुसरा ढीग प्रांताचा आणि प्रसंगाचा. अमेरिकेत 'गॉटन', ब्रिटनमध्ये 'गॉट'. ब्रिटनमध्ये 'द टीम आर प्लेइंग' चालतं, अमेरिकेत 'इज'. 'हूम' औपचारिक लिखाणात शोभतं, मित्राशी गप्पा मारताना नाही. इंग्लंडच्या पूर्वेला ईस्ट अँग्लिया भागातल्या बोलीत 'ही गो' सुद्धा म्हणतात बरं का, तिथल्या माणसाची ती चूक नाही, ती त्याची बोली आहे, फक्त ती प्रमाण इंग्रजी नाही. आपल्याकडे मालवणी किंवा अहिराणी बोलणाऱ्याला कुणी अशुद्ध म्हटलं की आपण चिडतो ना, तेच इथेही.

तिसरा ढीग बसवलेल्या नियमांचा. कुणीतरी एका माणसाने एका साली पुस्तकात आपलं मत लिहिलं, पुढच्याने ते उचललं, त्याच्या पुढच्याने त्यातलं 'मला वाटतं' काढून टाकलं आणि शाळेत पोचेपर्यंत त्याचा कायदा झाला. वर पहिल्या परिच्छेदात दिलेल्यांपैकी 'गोज' सोडून सगळे याच ढिगातले.

मराठी माणसाचा सत्तर टक्के वेळ पहिल्या ढिगाला जायला हवा असं माझं स्पष्ट मत आहे. त्यातही आर्टिकल्स, कारण मराठीत ती नाहीतच, आणि प्रेझेंट परफेक्ट, कारण मराठीत 'मी त्याला कालच भेटलोय' अगदी बरोबर आहे आणि तीच सवय इंग्रजीत शिरते. सराव सोपा आहे. चांगल्या इंग्रजी पेपरातला एक परिच्छेद घ्या, त्यातले 'अ', 'अॅन', 'द' सगळे खोडा, दुसऱ्या दिवशी कोऱ्या डोक्याने भरा, मूळ लेखाशी ताडून बघा आणि जिथे जिथे चुकलं तिथे कारण मराठीत लिहा. नुसतं बरोबर उत्तर लिहू नका, कारण लिहा. रोज एक परिच्छेद केला तरी काही महिन्यांत कान तयार होतो.

पायरी २: थोडा इतिहास, पण लागेल तेवढाच

हजार वर्षांपूर्वीची इंग्रजी आपल्या मराठीसारखी होती, म्हणजे शब्दाच्या शेपटीवर अर्थ चालायचा. कर्ता असलेला राजा 'से क्यूनिंग', कर्म झालेला राजा 'थोने क्यूनिंग', नामांना तीन लिंगं, क्रियापदाला एकवचनात प्रत्येक पुरुषाप्रमाणे वेगळा प्रत्यय. आपण 'राजाने वाघ मारला' म्हणा नाहीतर 'वाघ राजाने मारला' म्हणा, मेला वाघच, कारण 'ने' सांगतो कोणी मारलं. जुन्या इंग्रजीलाही ही मोकळीक बऱ्यापैकी होती.

मग उत्तरेत व्हायकिंग लोक येऊन राहिले, त्यांची भाषा इंग्रजीच्या जवळची पण प्रत्यय वेगळे, दोघांच्या सरमिसळीत प्रत्यय झिजायला मदत झाली असं बरेच अभ्यासक मानतात. 'दे', 'देम', 'देअर' हे शब्दसुद्धा त्यांच्याकडूनच आलेत. १०६६ ला नॉर्मन आले, पुढची दोनेक शतकं दरबारात फ्रेंच आणि चर्चमध्ये लॅटिन, इंग्रजीवर लक्ष ठेवणारं कुणी नाही, ती लोकांच्या तोंडी वाटेल तशी बदलली. बहुतेक प्रत्यय गेले आणि त्यांचं काम शब्दांच्या जागेने घेतलं. म्हणून आज इंग्रजीत वर्ड ऑर्डर इतकी कडक आहे. 'ही गोज' मधला शेवटचा एस हा वर्तमानकाळातल्या त्या पुरुषाच्या प्रत्ययांमधला उरलेला एक, त्याला सोबतीला कुणी नाही, म्हणून तो आपल्याकडून इतका विसरला जातो.

'डू' ची गोष्टही इथेच समजून घ्या. आधी 'आय नो नॉट' म्हणायचे, पंधराव्या-सोळाव्या शतकात 'आय डू नॉट नो' वाढत गेलं, शेक्सपिअरमध्ये दोन्ही सापडतात. 'डू' आला आणि काळ दाखवायचं काम त्याने आपल्याकडे घेतलं, म्हणून 'डिड यू गो', 'डिड यू वेंट' नाही, कारण भूतकाळ 'डिड'ने आधीच दाखवलाय. क्लासमध्ये एवढं सांगितलं की मुलांची ही चूक झपाट्याने कमी होते, नुसतं 'डिड नंतर पहिलं रूप' असं पाठ करून होत नाही.

आता यानंतरचं अठरावं शतक महत्त्वाचं. इंग्लंडमध्ये मध्यमवर्ग वाढला, छापील पुस्तकं वाढली, आपल्या मुलांनी वरच्या लोकांसारखं बोलावं असं सगळ्यांना वाटायला लागलं. जोनाथन स्विफ्टने १७१२ मध्ये भाषा पक्की करायला एक मंडळ नेमा असं सुचवलं, पण ते झालं नाही आणि आजही इंग्रजीला असं मंडळ नाही. आपल्याला हे पचायला जड जातं कारण मराठीत १९६२ चे महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आहेत, सरकारने मानलेले, त्यामुळे इंग्रजीचंही कुठेतरी लंडनमध्ये ऑफिस असेल असं आपण धरून चालतो. तसं काही नाही. मंडळाची जागा एकेकट्या लेखकांच्या ग्रामरच्या पुस्तकांनी घेतली. रॉबर्ट लाउथ या धर्मगुरूचं पुस्तक १७६२ चं, आणि लिंडले मरेचं १७९५ चं, हे तर पुढे कितीतरी दशकं शाळांमधून चाललं. तुमच्या तिसऱ्या ढिगातले बरेच नियम याच काळातले किंवा त्याच्या पुढच्या शतकातले निघतील.

पायरी ३: जन्मतारीख काढा

सगळ्यात उपयोगी पडतो तो मेरियम-वेबस्टरचा इंग्लिश युसेजचा कोश, १९८९ चा. त्यात प्रत्येक वादग्रस्त नियमाखाली तो कुणी काढला, कुणी विरोध केला, मोठ्या लेखकांनी काय लिहिलं, हे उदाहरणांसकट दिलंय. मेरियम-वेबस्टरच्या साइटवरही अशा नियमांवर छोटे लेख फुकट वाचायला मिळतात. जुनी ग्रामरची पुस्तकं इंटरनेट आर्काइव्हवर स्कॅन करून ठेवलीत, लाउथ आहे, मरे आहे. मूळ पान उघडाच, कारण त्यांच्या नावावर जे खपवलं जातं आणि त्यांनी जे लिहिलंय त्यात फरक असतो.

प्रेपोझिशनचंच बघा. कवी जॉन ड्रायडनने १६७२ मध्ये नाटककार बेन जॉन्सनच्या एका ओळीला नाव ठेवलं की प्रेपोझिशन शेवटी आलंय. स्वतःचा १६६८ चा निबंध नंतर १६८४ मध्ये पुन्हा छापताना त्याने अशी वाक्यं शोधून शोधून बदलली. मग लाउथ. सगळे म्हणतात लाउथने बंदी घातली. प्रत्यक्षात तो म्हणतो की आपल्या भाषेचा याकडे ओढा आहे, बोलण्यात आणि साध्या लिखाणात हे चांगलंच शोभतं, गंभीर लिखाणात मात्र प्रेपोझिशन आधी घेणं जास्त डौलदार. आणि हे सांगणाऱ्या त्याच्या स्वतःच्या वाक्यातला पहिला भाग 'इन्क्लाइन्ड टू' असा प्रेपोझिशनवरच थांबतो. म्हणजे तो प्रसंगाचा सल्ला देत होता, दुसऱ्या ढिगातला. त्याला उचलून तिसऱ्या ढिगात टाकला तो नंतरच्यांनी.

'लेस' आणि 'फ्यूअर' तर त्याहून. १७७० मध्ये रॉबर्ट बेकर नावाच्या गृहस्थाने लिहिलं की संख्येबद्दल बोलताना लोक 'लेस' वापरतात, पण मला 'फ्यूअर' बरं वाटतं, जास्त सुंदर वाटतं. मत होतं, त्याने मत म्हणूनच दिलेलं. त्याच्या जवळजवळ नऊशे वर्षं आधी राजा आल्फ्रेडच्या काळापासून मोजता येणाऱ्या गोष्टींना 'लेस' लावल्याची उदाहरणं आहेत.

आणि स्प्लिट इन्फिनिटिव्ह, म्हणजे 'टू' आणि क्रियापद यांच्या मधे शब्द घुसवणं. लॅटिनमध्ये इन्फिनिटिव्ह एकच शब्द असतो म्हणून इंग्रजीत तोडू नये, असं कारण सगळीकडे वाचायला मिळतं. पण कँटरबरीच्या कॅथेड्रलचा डीन, म्हणजे तिथला प्रमुख धर्मगुरू, हेन्री आल्फर्ड १८६४ मध्ये याच्यावर टीका करतो तेव्हा तो लॅटिनकडे बोट दाखवत नाही, तो म्हणतो इंग्रजी बोलणारे-लिहिणारे असं करतच नाहीत. हे चूक होतं, त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून लोक करत होते. म्हणून सांगते, कारणसुद्धा तपासा, नुसती तारीख नको.

पायरी ४: आज लोक काय लिहितात ते मोजा

इथे कॉर्पस लागतो, म्हणजे खऱ्या लिखाण-बोलण्यातल्या वाक्यांचा शोधता येणारा साठा. सुरुवातीला गुगलचा एनग्राम व्ह्यूअर पुरे, छापील पुस्तकांत कुठला शब्द कुठल्या साली किती आला याचा आलेख तो काढून देतो. दोन पर्याय स्वल्पविराम देऊन टाका, साल १८०० पासून ठेवा, एकदा अमेरिकन आणि एकदा ब्रिटिश निवडून आलेख बघा. 'डिफरंट फ्रॉम', 'डिफरंट टू', 'डिफरंट दॅन' हे तीन टाकून सुरुवात करा, दोन देशांचा फरक लगेच डोळ्यासमोर येतो. १८०० च्या मागे सहसा जाऊ नका कारण तेव्हा छपाईत लांब एस असायचा आणि तो मशीनला एफ वाटतो. कॅपिटल-स्मॉल वेगळं मोजलं जातं, म्हणून 'केस-इन्सेन्सिटिव्ह' हा पर्याय चालू करा. आणि हे सगळं पुस्तकांचं आहे, बोलण्याचं नाही.

मला विचाराल तर एनग्रामवर सगळ्यात आधी 'इज बीइंग बिल्ट' टाकून बघा. आपल्याकडे अॅक्टिव्ह-पॅसिव्हच्या धड्यात प्रत्येक पोराने घोटलेलं हे रूप, पण अठराव्या शतकाच्या शेवटाकडे ते नवंनवं दिसायला लागलं, तोवर घर बांधलं जात असेल तर 'द हाउस इज बिल्डिंग' म्हणायचे. आणि अमेरिकेतल्या रिचर्ड ग्रँट व्हाइटने १८७० च्या आपल्या पुस्तकात या 'इज बीइंग' वर अख्खं प्रकरण खर्च केलं, हे कसं चूक आहे सांगायला. तेव्हाची चूक आज परीक्षेतला पाच मार्कांचा प्रश्न आहे.

पुढची पायरी कोका, अमेरिकन इंग्रजीचा कॉर्पस, शंभर कोटींहून जास्त शब्द, फुकट खातं उघडून रोज ठराविक शोध घेता येतात. त्याचा खरा फायदा चार्टमध्ये आहे, एकच शब्द बोलण्यात किती, कथांमध्ये किती, पेपरात किती, संशोधनाच्या लिखाणात किती हे शेजारी शेजारी दिसतं. 'हूम' टाका, बोलण्याचा आणि अॅकॅडेमिकचा खांब बघा, दुसऱ्या ढिगातला नियम म्हणजे काय हे सांगायची गरज उरणार नाही. फक्त आकड्यावर थांबू नका, खाली येणाऱ्या ओळी वाचा. 'लेस पीपल' शोधलं तर त्यात माणसांशी कमी जुळवून घेणाऱ्या कुणाचं 'लेस पीपल-ओरिएंटेड' असंही येऊ शकतं आणि ते आपल्या कामाचं नाही. पहिल्या तीस-चाळीस ओळी डोळ्याखालून घातल्याशिवाय वहीत आकडा लिहू नये.

एक नियम शेवटपर्यंत नेऊन बघू

'एव्हरीवन शुड ब्रिंग देअर बुक' हे बरोबर की 'हिज बुक'? रकाना एक भरला. रकाना दोन: अॅन फिशर या शिक्षिकेच्या १७४५ च्या ग्रामरमध्ये पुल्लिंगी सर्वनाम सगळ्यांसाठी चालतं असं दिलंय, पुढे १८५० मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने कायद्यांच्या मजकुरासाठी तेच ठरवलं. रकाना तीन: एकाच माणसाला 'दे' वापरल्याची उदाहरणं चौदाव्या शतकापासून आहेत, शेक्सपिअरच्या 'कॉमेडी ऑफ एरर्स' मध्ये 'देअर्स नॉट अ मॅन आय मीट बट डथ सॅल्यूट मी, अॅज इफ आय वेअर देअर वेल-अॅक्वेंटेड फ्रेंड' असं आहे, माणूस एक आणि सर्वनाम 'देअर'. रकाना चार: बोलण्यात तर सर्रास आहेच, शिवाय संशोधन लिहिणाऱ्यांसाठीच्या एपीए स्टाइलने २०१९ च्या सातव्या आवृत्तीत हे वापराच असं सांगितलं.

ज्यांना अनेकवचन एकाला कसं लावायचं असं वाटतं त्यांनी 'यू' कडे बघावं, तो मुळात अनेकवचनीच, एकाला 'दाउ' होतं, ते मागे पडलं आणि 'यू' ने जागा घेतली, 'आर' सकट. आणि मराठी माणसाने तर इथे अडायलाच नको. आजोबा आले, ते बसले, त्यांनी पाणी मागितलं. आजोबा एकच आहेत. कारण वेगळं आहे, आपल्याकडे आदर आणि तिकडे माणूस कोण ते माहीत नसणं, पण अनेकवचनाचं रूप एका व्यक्तीला लावायची सवय आपल्या कानाला जन्मापासून आहे.

रकाना पाच: ईमेलमध्ये, लेखात, बोलताना 'देअर'. जुन्या वळणाच्या परीक्षेत स्पॉट द एररला 'देअर' अधोरेखित आलं तर उत्तरपत्रिका 'हिज' धरते, तिथे तेच. लेखी निबंध असेल तर 'ऑल स्टुडंट्स शुड ब्रिंग देअर बुक्स' असं करून टाका, कुणाचंच काही म्हणणं नाही.

परीक्षेचं काय?

परीक्षेत छापलेलं उत्तर चालतं, तिथे इतिहास सांगून मार्क मिळत नाहीत. बँक, एसएससी, एमपीएससीसाठी 'नो सूनर'नंतर 'दॅन', 'हार्डली'नंतर 'व्हेन', 'सीनियर'नंतर 'टू', 'लेस्ट'नंतर 'शुड' हे सरळ पाठ करा आणि मागच्या प्रश्नपत्रिका सोडवा, त्या परीक्षेचा नियम कुठला हे त्याच सांगतात. आयएल्ट्सचं तसं नाही, तिथे रायटिंगच्या चार निकषांपैकी एक ग्रामरची विविधता आणि अचूकता, आणि मार्क जातात ते पहिल्या ढिगातल्या चुकांमुळे. प्रेपोझिशन शेवटी आलं म्हणून बँड घसरेल ही भीती काढून टाका.

आपलं इंग्रजी कुठल्या ढिगात?

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा. भारतीय इंग्रजी म्हणजे चुकांची यादी असं समजणारे खूप आहेत आणि दुसरीकडे आपलं ते सगळं बरोबर म्हणणारेही आहेत. दोन्ही तपासल्याशिवायचं बोलणं. आणि तपासायचं काम महाराष्ट्रातच किती आधी सुरू झालंय बघा. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांच्या पुढाकाराने भारतीय इंग्रजीचा दहा लाख शब्दांचा कॉर्पस उभा राहिला, १९७८ साली छापलेल्या मजकुराचा, पाचशे नमुने, प्रत्येकी साधारण दोन हजार शब्द. अमेरिकेचा ब्राउन कॉर्पस आणि ब्रिटनचा लॉब कॉर्पस ज्या साच्यात आहेत त्याच साच्यात, मुद्दाम, म्हणजे तिन्ही इंग्रजी शेजारी ठेवून मोजता याव्यात. भाषाशास्त्रात तो जगभर कोल्हापूर कॉर्पस म्हणूनच ओळखला जातो. इंग्रजीच्या वर्गात प्रत्येक मराठी मुलाला हे सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आज घरून तपासायचं तर ग्लोब (GloWbE) नावाचा कॉर्पस आहे, वीस देशांमधल्या वेबसाइट्सचे १९० कोटी शब्द, भारताचा वेगळा रकाना. त्यात 'प्रीपोन' टाका. भारताचा खांब उंच, बाकीचे जवळजवळ सपाट, आणि शब्द ऑक्सफर्डच्या कोशातही आलाय, म्हणजे तो भारतीय इंग्रजीचा हक्काचा शब्द, इथे बिनधास्त वापरा आणि लंडनच्या क्लायंटला लिहिताना 'ब्रिंग फॉरवर्ड' लिहा. दुसरा ढीग.

'वन ऑफ माय फ्रेंड' मात्र तसं नाही. ते आपल्याकडे बोलण्यात ऐकू येतं पण चांगल्या संपादकाच्या हाताखालून गेलेल्या भारतीय पेपरात टिकत नाही, 'फ्रेंड्स'च होतं. हीच कसोटी ठेवा: आपल्या देशातला काळजीपूर्वक छापलेला मजकूर ते रूप ठेवतो का? ठेवत असेल तर आपली पद्धत, नसेल तर पहिल्या ढिगातली दुरुस्ती. 'डिस्कस अबाउट' या कसोटीवर लावून बघा. आधी ग्लोबमध्ये भारताशेजारी नायजेरिया, सिंगापूर, केनिया हे रकानेही बघा, मग एखाद्या इंग्रजी दैनिकाच्या साइटवर शोधा, नामाचं 'डिस्कशन अबाउट' आणि क्रियापदाचं 'डिस्कस अबाउट' वेगळं काढा आणि मगच पाचवा रकाना भरा. माझ्या वहीत तिथे लिहिलंय: बोलताना कुणाला टोकायचं नाही, लिहिताना 'अबाउट' काढायचा, परीक्षेत शंभर टक्के काढायचा.